रस्त्याचा आवाज

सोमवार, ३ मार्च

गाडीतून आवाज येतो. पुढून, डावीकडून, खालून. स्पीडब्रेकरवरून उतरताना एकदाच. टडक.

हे असताना असा आवाज कधी आला नाही. इतकी वर्षं मी शेजारच्या सीटवर बसले. कधी चुकून म्हटलंच, "काही वाजलं का हो?" तर हे म्हणायचे, "रस्त्याचा आवाज आहे." आणि तो रस्त्याचाच असायचा. गाडीच्या बाबतीत हे कधी खोटं बोलले नाहीत.

म्हणजे बिघाड नंतरचा. नोव्हेंबरात हे गेले, तेव्हा आठवडाभर गाडी भावजींकडे होती. माणसांना स्टेशनवरून आणा, पुन्हा पोचवा. भावजी म्हणजे यांचे धाकटे भाऊ. त्यांना खड्डा दिसतो, पण गाडी त्यातून गेल्यावर.

लेकीला फोनवर सांगितलं. तिथेच चुकलं. ती लगेच म्हणाली, "मग विकूनच टाकू ना, आई. माझ्या ऑफिसातला एक जण तयारच आहे. तुला कुठे लागते गाडी?"

मला लागते. वाचनालय आहे. औषधं आहेत. वाचनालय चालत पाच मिनिटांवर आहे, असं ती म्हणाली. पण पुस्तकं जड असतात.

शेवटी ठरलं असं. ती तीस तारखेला येणार. तोवर आवाज गेला तर गाडी राहील, नाही गेला तर ऑफिसातला माणूस घेऊन जाईल. मी म्हटलं, चालेल. मला गाडीचं एवढं काही नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे.

संकल्प: आवाज स्वतः शोधायचा, स्वतः घालवायचा, आणि भावजींकडून कबुली घ्यायची. गॅरेजला एक पैसा नाही.

मंगळवार, ४ मार्च

यांनी गाडीबरोबर दुरुस्तीचं एक जाडजूड पुस्तक घेतलं होतं. इंग्रजी. कधी उघडलेलं दिसत नाही, पानं एकमेकांना चिकटलेली आहेत. हे म्हणायचे, घरात असलेलं बरं.

माझी शाळा सातवीत सुटली. वाचायचं सुटलं नाही. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा मी सरळ करून वाचत आले. तेव्हा डिक्शनरी शेजारी ठेवली आणि पान एकपासून सुरुवात केली. लेक म्हणाली, "अगं, सस्पेन्शनचं प्रकरण उघड ना थेट."

मी असं करत नाही. पुस्तक मधूनच उघडणं म्हणजे कोणाच्या घरात खिडकीतून शिरणं. आणि पुढचं पान आधी बघायचं नाही, हा माझा जुना नियम आहे. लिहिणाऱ्याने काही विचार करून क्रम लावलेला असतो.

आज वायपरपर्यंत झालं. वायपरच्या बाबतीत आता मला कोणी फसवू शकणार नाही.

बुधवार, ५ मार्च

आवाज फोनवर रेकॉर्ड केला. पाण्याच्या टाकीच्या रस्त्यावर सात-आठ स्पीडब्रेकर आहेत, तिथे दोन फेऱ्या मारल्या. लेकीला पाठवला. तिचं उत्तर आलं, "आई, यात आवाज कुठे आहे? तूच बोलते आहेस सगळा वेळ."

मी बोलत नव्हते. सूचना देत होते. "आता हळू, आता ब्रेक, आता बघा हं वाजेल." हे कोणालातरी मोठ्याने म्हटल्याशिवाय लक्षात राहत नाही.

पाठ दुखते. यांची सीट बरीच मागे आहे, माझे पाय पोचत नाहीत, म्हणून पाठीमागे दोन उशा घेते. सीट पुढे घेता येते, खाली दांडी आहे. पण यांनी ती विचार करून लावलेली आहे. एकदा हलवली की पुन्हा तशीच बसेल याचा भरवसा काय?

शेकायची पिशवी असती तर बरं झालं असतं. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात ती हरवली. लेकीने नेली असणार, आमच्याकडे येऊन गेली तेव्हाच गेली. हे म्हणाले, "जाऊ दे, जुनी झाली होती. नवी आणू." आणली नाही.

शनिवार, ८ मार्च

सस्पेन्शनला पोचले. पहिली परीक्षा सोपी आहे. गाडीचं नाक दोन्ही हातांनी दाबून सोडायचं. एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप चांगले. हलतच राहिली तर गेले.

मी दाबलं. गाडीला पत्ता लागला नाही. वॉचमन आला. म्हणाला, "काकू, धक्का मारायचाय का?" मी समजावून सांगितलं. मग त्याने दाबलं, मग आम्ही दोघांनी मिळून दाबलं. गाडी एकदा वर आली आणि थांबली. शॉकअप चांगले आहेत. वॉचमनला फार आनंद झाला. मला तेवढा झाला नाही. म्हणजे काहीच झालं नाही. हल्ली बरंचसं असंच होतं. आंघोळ केली, जेवले, पेपर वाचला. सगळं ठीक.

संध्याकाळी भावजींना फोन केला. सरळ विचारलं, की गाडी तुमच्याकडे होती तेव्हा कुठे आपटली?

"नाही हो वहिनी, मी तर बैलगाडीसारखी चालवली."

मी म्हटलं, मग आवाज आपोआप आला का?

ते आधी खाकरले. मग म्हणाले, "असेल बुवा. गेली असेल एखाद्या खड्ड्यात. चुकलं माझं."

कबुली मिळाली. वाटलं होतं त्यापेक्षा लवकर. आता त्यांच्याशी कामापुरतंच बोलायचं. काम काही नाही, त्यामुळे बोलायचंच नाही.

समाधान वाटायला हवं होतं. उद्या वाटेल.

मंगळवार, ११ मार्च

डावं चाक काढलं! जॅक लावला, खाली स्टँड ठेवला, पुस्तकातल्यासारखं. हातपाय काळे. वॉचमन दोनदा येऊन बघून गेला.

आत काय काय आहे ते लिहून ठेवते. स्प्रिंग. शॉकअप. आणि एका चाकाकडून दुसऱ्या चाकाकडे जाणारा एक आडवा दांडा. वळणावर गाडी कलू नये म्हणून. तो दांडा दोन्ही बाजूंना रबराच्या जाड ठोकळ्यात बसवलेला असतो, त्याला बुश म्हणतात. आणि दांड्याच्या टोकाला बोटभर जाड एक कांडी, ती लिंक रॉड.

आणि इथे पुरावा सापडला!

डावीकडच्या बुशमध्ये, दांडा आणि रबराच्या मधल्या फटीत, कोणीतरी लाल रबराची पट्टी गुंडाळून कोंबली होती. बोटभर रुंद, अंगावर उभ्या रेघा. वरून बारीक वायरने बांधलेली, आणि वायरची टोकं आत वळवलेली, कोणाच्या हाताला लागू नयेत अशी.

म्हणजे भावजींनी गाडी आपटली, आणि वर गुपचूप ठिगळ लावून परत आणून दिली. एवढी लबाडी! वायरची टोकं वळवण्याइतकी काळजी त्यांना कधीपासून यायला लागली, हे मात्र कळत नाही. रबर चपलेचं असावं. त्यांच्याकडे लाल पट्ट्यांची चप्पल होती.

पट्टी काढली. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली. लेक आली की समोर ठेवीन.

बुधवार, १२ मार्च

चाचणी. आता आवाज स्पीडब्रेकरवरच नाही, साध्या खडबडीत रस्त्यावरही येतो. टडक-टडक.

ही प्रगती आहे. पूर्वी आवाज लपून होता. आता समोर आला.

शुक्रवार, १४ मार्च

पुस्तकात लिंक रॉड आधी येतो आणि बुश नंतर. म्हणून लिंक रॉडपासून सुरुवात. स्पेअर पार्टच्या दुकानातून नवी जोडी आणली.

दुपारभर नट सोडवत होते. नट छान फिरतो. अजिबात जोर लागत नाही. फक्त बाहेर येत नाही. चिकाटी हवी.

पाच वाजले. अजून फिरतो आहे.

शनिवार, १५ मार्च

आज पुढचं पान वाचलं. नट फिरवताना आतला बोल्ट अॅलन कीने, म्हणजे सहाकोनी वाकड्या किल्लीने, धरून ठेवायचा, नाहीतर दोन्ही बरोबर फिरत राहतात. जाड अक्षरांत छापलं आहे, वर एक त्रिकोण. हे लिहिणाऱ्याने आधी सांगायला नको का?

बोल्ट धरला. नट निघाला. मी किती वेळ कोणाचा हात न धरता नुसती गोल फिरत होते, असं काहीतरी डोक्यात आलं. मग गेलं. चहा केला.

सोमवार, १७ मार्च

दोन्ही लिंक रॉड बसवले. चाचणी. टडक-टडक.

म्हणजे लिंक रॉड नव्हते. तेही एक कळलं. लेकीला सांगितलं की निम्मं काम झालं. ती म्हणाली, "कुठलं निम्मं?" हल्लीच्या मुलांना धीर नाही.

तिने मधेच विचारलं, "आई, तू बरी आहेस ना?" मी म्हटलं, डावीकडे आहे, बहुतेक बुश आहे.

बुधवार, १९ मार्च

बुश आणायला गेले. दुकानदाराने दोन ठेवले पुढ्यात, एक लहान भोकाचा, एक मोठ्या. या गाडीला लहान लागतो म्हणाला. मी परवाच दांडा डोळ्यांनी पाहिला आहे, चांगला जाड आहे. मी म्हटलं, "मोठा द्या."

"काकू, मोठा ढिला बसेल हो."

"मी पुस्तक वाचलं आहे."

त्याने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. मग मोठा पुडीत बांधला. "नाही बसला तर बदलून देईन," म्हणाला. "पण कोणी परत येत नाही."

शुक्रवार, २१ मार्च

बुश बसवला. गाडी जॅकवर, चाक लटकलेलं, नट जीव खाऊन आवळले. मग पुढचं पान वाचलं. पुन्हा त्रिकोण. नट शेवटचे आवळायचे ते चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं सगळं वजन त्यांच्यावर आल्यावर. अधांतरी आवळले तर रबर पिळवटतं आणि फाटतं.

मी म्हटलं, असू दे. हे कारखान्यातल्या लोकांसाठी असणार.

चाचणी. आता आवाजाला टडक म्हणता येणार नाही. पत्र्याच्या डब्यात कोणी खलबत्ता टाकून डबा जिन्यावरून सोडावा, तसं. फाटकातून आत येताना वॉचमन उठून उभा राहिला.

जॅक उचलताना पाठीत कळ आली. आता आडवी पडून लिहिते आहे.

शनिवार, २२ मार्च

उठता येत नाही. लेकीने भावजींना कळवलं. मी कळवलं नसतं. ते औषधं आणि मलम घेऊन आले. मी कामापुरतं बोलले. म्हणजे, "ठेवा तिथे."

ते खाली जाऊन गाडी बघून आले. खुर्चीत बसले. हात पुसत म्हणाले, "वहिनी, तिथे एक लाल पट्टी होती. ती कुठे गेली?"

स्वतःच्याच तोंडाने सापडले! मी काढली नव्हती गोष्ट, त्यांनीच काढली. मी म्हटलं, "आहे जपून ठेवलेली. तीस तारखेला सगळ्यांसमोर निघेल."

त्यांचा चेहरा कसातरीच झाला. "सगळ्यांसमोर कशाला, वहिनी," म्हणाले. "राहू दे ना."

आता का? आपटताना नाही वाटली लाज?

जाताना म्हणाले, लेकीला सांगून शेकायची पिशवी मागवतो. मी म्हटलं, नको. म्हणजे मागवणारच.

मंगळवार, २५ मार्च

पिशवी आली. लेकीने पाठवली. निळी आहे. पाणी गरम करून भरली, पाठीखाली घेतली. बरं वाटलं. हात खाली गेला तर बोटांना रेघा लागल्या. रबरावर उभ्या रेघा. एका बोटात चार-पाच.

उठले. भिंतीला धरून कपाटापर्यंत गेले. पुरावा काढला. पट्टी पिशवीवर ठेवली.

रेघेत रेघ बसली.

आमची जुनी पिशवी लाल होती.

नंतर

पाणी गार झालं. पुन्हा भरलं नाही.

ती पिशवी हरवली तेव्हा मी लेकीला बोलले होते. न विचारता वस्तू उचलतेस म्हणाले. आणखीही बरंच. ती रडली होती. हे तिथेच बसून पेपर वाचत होते. पान उलटलं नव्हतं बराच वेळ, हे मला आत्ता आठवतंय.

वायरची टोकं. आमच्या घरातल्या कुठल्याही वायरचं टोक बाहेर आलेलं नाही. पडद्याची, कपडे वाळत घालायची, फोटोमागची. सगळी आत वळवलेली आहेत. मी इतकी वर्षं त्याच घरात राहते आहे.

हे म्हणायचे, रस्त्याचा आवाज आहे.

राग यायला हवा. येईल.

बुधवार, २६ मार्च

भावजींना फोन केला. म्हटलं, पिशवी कोणी कापली?

ते म्हणाले, "दादानं."

"आणि तुम्ही?"

"मी बॅटरी धरली होती, उजेडाला."

 मग त्यांनीच सांगितलं. आवाज पिशवी हरवली त्या हिवाळ्यापासूनचा आहे. बुश बदलूनही वाजतच राहिला. यांनी सगळीकडे सांगून ठेवलेलं, आपल्या गाडीचा आवाज म्हणून येत नाही. आता कोणत्या तोंडाने गॅरेजला न्यायची? "वहिनीला सांगू नकोस म्हणाला. मग मी नाही सांगितलं."

"खड्डा?"

"कुठला खड्डा, वहिनी! मी तर बैलगाडीसारखी चालवली होती."

मी म्हटलं, "दोघा घोड्यांना नवी पिशवी आणून ठेवायची अक्कल नव्हती का?" ते म्हणाले, "ठरलं होतं आणायचं." आणि हसले. मग हसायचे थांबले. 

गुरुवार, २७ मार्च

पाठ बरी. भावजी मला दुकानात घेऊन गेले, त्यांच्या स्कूटरवर. बैलगाडी हा शब्द बरोबर आहे.

मोठा बुश बदलून लहान घेतला. दुकानदार म्हणाला, "काकू, तुम्ही पहिल्या बघा, परत आणणाऱ्या. साहेबांनी पण मोठाच नेला होता. मी सांगितलं, साहेब, ढिला बसेल. तर म्हणाले, माझ्याकडे पुस्तक आहे."

पुस्तकाची पानं चिकटलेली होती.

घरी आल्यावर मी ते पुस्तक उघडून बसले. वाचलं काही नाही. चिकटलेली पानं तेवढी एकेक सोडवली, शेवटपर्यंत.

शनिवार, २९ मार्च

काम पूर्ण. भावजींनी चाक काढलं, बॅटरी मी धरली.

निर्णय लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणी विचारलं तर कारण हाताशी असेल. नवा लहान बुश अगदी बरोबर आहे. पण नवं रबर कडक असतं, मुरायला वेळ लागतो. शिवाय इतक्या वर्षांची सवय असलेल्या दांड्याला एकदम घट्ट पकडणं बरं नाही. म्हणून तूर्त यांचाच जुना बुश परत बसवला, जुन्या डब्यात ठेवला होता तो. त्यावर लाल पट्टी. वायर मी बांधली. टोकं आत वळवली. नवा बुश डॅशबोर्डच्या खणात ठेवला आहे, अडीअडचणीला.

भावजी म्हणाले, "वहिनी, मग वाजणार थोडं."

मी म्हटलं, पुस्तकाप्रमाणे याने धोका काही नाही. ते म्हणाले, "लेकीने अट घातली आहे ना?" मी म्हटलं, "बॅटरी धरा."

या वेळी नट चाकं जमिनीवर टेकल्यावर आवळले. सगळं वजन येऊ दिलं आणि मग आवळले.

नंतर एकटीच गाडीत बसले. सीटखालची दांडी ओढून एक खाच पुढे घेतली. नुसतं बघायला. खट्ट झालं. हा आवाज वेगळा, हा सीटचा. एक उशी काढून मागे टाकली.

रविवार, ३० मार्च

लेक आली. तिला घेऊन पाण्याच्या टाकीकडे निघाले, भावजी मागे बसले. मी चालवत होते. तिने विचारलं, "सीट पुढे घेतलीस?" मी म्हटलं, एक खाच.

वाटेत तिला म्हटलं, "शेकायची ती जुनी पिशवी तू नेली नव्हतीस."

"कोणती?" म्हणाली. मग म्हणाली, "अगं, किती दिवस झाले त्याला." आणि खिडकीची काच उगाच खालीवर केली.

पहिला स्पीडब्रेकर नीट गेला. दुसरा नीट गेला. तिसरा जरा उंच आहे.

टडक.

पूर्वी होता तेवढाच. महिनाभराच्या कष्टांनी गाडी जिथे होती तिथे बरोबर परत आली.

मागे भावजी एकदम खोकले. लेक माझ्याकडे वळली. "आई, काहीतरी वाजलं."

मी समोर बघत होते. समोर बघूनच चालवायचं असतं.

"रस्त्याचा आवाज आहे," मी म्हटलं.

 ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, आणि मग रस्त्याकडे. चौथ्या स्पीडब्रेकरवर पुन्हा वाजलं. तेव्हा तिने विचारलं नाही. ऑफिसातल्या माणसाचा विषय तिने काढला नाही. मीही नाही.

संध्याकाळी ती गेली. घर ठीक. जेवण ठीक. पाठ दुखते आहे.

शेकायची पिशवी सापडत नाही. सगळीकडे बघितलं. या वेळी खरंच लेकीने नेली असावी.

विचारणार नाही.